कुठी लिवलं हाय?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बोरटेकच्या शिवारात कापसाची दुसरी वेचणी लागली होती, आणि त्या रविवारी हिरालाल काहीही तयारी न करता उपदेशाला उभा राहिला.

बोरटेक म्हणजे अल्लीपूरच्या पुढं, नाल्याच्या काठाला वसलेलं गाव. त्यात ख्रिस्ती घरं चौदा. टिनाच्या छपराची एक खोली, आत सतरंज्या, समोर एक लाकडी मेज, एवढंच त्यांचं मंदिर. पाळक महिन्यातून एकदा वर्ध्याहून यायचे आणि प्रभुभोजन देऊन जायचे. बाकीचे रविवार हिरालालचे. नववी शिकलेला, पन्नाशीला टेकलेला, हाडापेरानं बळकट माणूस. आठवडाभर पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात फवारणी करायचा आणि रविवारी धुवट सदरा घालून वचन सांगायचा.

पूर्वी तो शनिवारी दिवे लागायच्या वेळी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचा. एक अध्याय दोनदा वाचायचा, वहीत चार ओळी उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच सांगून खाली बसायचा. लोक जांभया द्यायचे. मग मागच्या साली त्याच्या हातात मोठा मोबाईल आला. त्यात मैदानं गाजवणारे उपदेशक दिसायला लागले. त्यांच्या हातात पुस्तक असायचं, पण ते उघडलेलं नसायचं. 'देवानं मला आत्ता दाखवलं' असं ते म्हणायचे आणि समोरची गर्दी हमसून रडायची. हिरालालनं करून पाहिलं. जमलं. बोरटेकच्या बायासुद्धा पदरानं डोळे पुसायला लागल्या. कोणी जांभई देईना. वही कुठल्या कोनाड्यात गेली ते त्यालाही आठवेना.

त्या रविवारी त्यानं बोंडअळीचा विषय काढला, कारण गावात दुसरा विषयच नव्हता.

"बोंड बाहीरून कसं दिसते? हिरवं, टणक. फोडलं का आत अळी. मानसाचंही तसंच हाय का नाई?"

"हाय, हाय," लोक म्हणाले.

इथं तो थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण आवाज चढला होता, समोरच्या माना डोलत होत्या, आणि पुढचं वाक्य आपोआप तोंडात आलं.

"ज्याच्या घरात पाप दडवलं हाय, त्याच्याच वावरात अळी शिरते! मले देवानं दाखवलं!"

"आमेन!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच म्हणाले.

हिरालालनं कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण चौदा घरांत ज्याचं वावर अळीनं पुरतं धरलं होतं असं घर एकच होतं. मागच्या सतरंजीवर सुलोचनाबाई बसली होती, साठीची विधवा बाई. शेजारी तिची मुलगी रक्षा. वर्षभरापूर्वी ती नाचणगावच्या सासरातून मोडलेला हात घेऊन माहेरी आली होती आणि परत गेली नव्हती. एकेक करून माना मागं वळल्या. आधी आईकडं, मग लेकीकडं. रक्षानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सतरंजीचा दोरा उपटत बसली.

शेवटचं गीत झालं तेव्हा त्या दोघींची जागा रिकामी होती.

सोमवारी संध्याकाळी हिरालालची बायको रामबाई वेचणीहून आली. अकरा बायांची टोळी तिच्या शब्दावर चालायची. कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी जायचं ते तीच ठरवायची. तिनं कमरेचं फडकं सोडून दांडीवर टाकलं, पाय धुतले आणि हिरालालकडं न पाहता चुलीपुढं बसली.

"काय व, बरं नाई वाटून राह्यलं का?" हिरालालनं विचारलं.

"आज सुलोचनाबाईचं वावर ठरलं होतं."

"मंग?"

"बाया गेल्या नाई. धुऱ्यावरूनच पलटल्या. म्हणते, पापाचा कापूस आपल्या ओटीत कायले घ्यायचा."

"आचलनं म्हणलं असन. तिले काम नोकोच असते."

"आचलनं नाई, साऱ्याइनं म्हणलं. अन् रक्षाचं नाव घेऊन म्हणलं. नवरा सोडून आली, म्हणून अळी आली म्हणते. तुमीच तर सांगतलं."

"म्या नाव घेतलं का कोणाचं?"

रामबाईनं भाकर तव्यावर उलटली. "चौदा घरं हायेत. नाव घ्यायची गरज काय?"



मंगळवारी, नशिबानं म्हणा, हिरालालला सुलोचनाबाईच्या वावराला लागूनच तुरीवर फवारा मारायचा होता. पाठीवर सोळा लिटरचा पंप, तोंडाला फडकं, औषधाच्या वासानं घशात कडवटपणा. पहिली पात संपवून तो धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, आला आणि पलीकडं त्याला दोघी दिसल्या. तीन एकरांत दोनच बाया. चांगली पऱ्हाटी असली की बोटं लावताच कापूस ओटीत येतो. इथं बोंडं अर्धी उघडलेली, करकचून बसलेली. एकेक बोंड दोन्ही अंगठ्यांनी फोडायचं, आतली पिवळी पडलेली चिमूटभर कवडी, म्हणजे डागी कापूस, ओढून काढायची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांची कातडी निघते. रक्षाच्या डाव्या हाताला बळ कमी होतं. ती बोंड पोटाशी धरून उजव्या हातानं फोडत होती.

तिनं मान वर करून हिरालालकडं पाहिलं. मग पाठ फिरवून दुसऱ्या पातीला लागली.

हिरालाल पंपाचा दांडा हलवायचा विसरला. त्याला श्रावणातली गोष्ट आठवली. याच धुऱ्यावर उभं राहून त्यानं सुलोचनाबाईला न उमललेली फुलं खोलून दाखवली होती. 'मावशी, ह्या डोमकळ्या हाय. तू विहिरीच्या पाण्यावर मे मइन्यातच लावली पऱ्हाटी. अळीले पयलं फूल तुह्याच वावरात भेटलं.' असं तो स्वतः बोलला होता. अळी कशानं आली हे गावात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पंप पाठीवर असला की ठाऊक असायचं. मेजामागं उभा राहिला की विसरायचा.

बुधवारी सकाळी तो औषधाची बाटली पिशवीत घालत होता, तेवढ्यात अंगणात सुलोचनाबाई आली. हातात जाडजूड पुस्तक, फडक्यात गुंडाळलेलं.

"ये मावशी. बस."

ती बसली नाही. "मी भांडायले नाई आली. रईवारी तू म्हणलं ते कुठी लिवलं हाय, ते दाखवून दे."

"कोणतं?"

"पापाचं अन् अळीचं. मले अक्षर येत नाई, तुले माईत हाय. रक्षा तीन दिस झाले पुस्तक चाळून राह्यली. तिले सापडलं नाई. तू पान सांग."

हिरालालनं बाटलीचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं. "मावशी, ते... देवानं मनात घातलं."

"मनात तर माह्याही लय काई येते. ते मी चुलीजवळ बोलते. मेजामागून नाई बोलत."

आत रामबाई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

सुलोचनाबाई शांतपणे म्हणाली, "हे पाय हिरालाल. लिवलं असन तर मी मानीन. माह्या नवऱ्यानं मराच्या आधी मले सांगतलं होतं, का पुस्तकाच्या बाहीर जाजो नको. रक्षा घरी हाय म्हणून अळी आली, असं त्यात लिवलं असन, तर रईवारी दुपारच्या गाडीनं तिले नाचणगावले नेऊन घालते. तिलेही सांगतलं म्या. पण लिवलं पायजे. तुह्या तोंडचं नाई चालणार."

"तिचा हात मोडला त्यानं, मावशी."

"मले माईत नाई का? म्याच बांधला तो हात." तिनं पुस्तक छातीशी धरलं. "म्हणून तर इचारून राह्यली. रईवारपर्यंत शोध."

त्या दिवशी हिरालालनं काम सोडलं. ओसरीवर बसून त्यानं शास्त्र उघडलं. किती दिवसांनी उघडत होता ते पानांना आलेल्या वासावरून कळत होतं. दुपार कलायला आली तेव्हा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात त्याचं बोट थबकलं. आज्ञा मोडणाऱ्या लोकांना दिलेले शाप होते. द्राक्षमळे लावाल, राबाल, पण फळ हाती लागणार नाही, कारण कीड खाऊन टाकील. कीड! तो एकदम उठला. 'सापडलं' म्हणून आत सांगायला गेला आणि चुलीपुढं बसलेल्या रामबाईचं तोंड पाहून न सांगताच परतला. पुस्तक काखेत मारून तो तानबाकडं निघाला.

तानबा ऐंशीचा. बोरटेकात पहिला बाप्तिस्मा त्याचा झाला होता, आणि हिरालालला मेजामागं उभा करणाराही तोच. म्हातारा अंगणात अंबाडीची दोरी वळत बसला होता. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं तळहातांत. हिरालालनं उभ्या उभ्याच ओळ वाचून दाखवली.

तानबाची दोरी थांबली नाही. "हे कोणाले सांगतलं देवानं?"

"इस्राएल लोकायले."

"किती लोक होते?"

"लाखानं होते बाबा."

"एका रांडमुंड बाईले नाई सांगतलं ना? अन् ज्याच्या वावरात कीड दिसन तो पापी, असं उलटं तरी लिवलं हाय का?"

हिरालालनं पुन्हा ओळ वाचली. मनातल्या मनात.

"नाई."

"बरं, ते वाचूनच तू रईवारी बोलला होता का?"

"नाई बाबा. आज शोधलं."

"म्हंजे घर पयले बांधलं, अन् आता पाया शोधून राह्यला." तानबानं दोरीला पीळ दिला. "टेकू पायजे असन तर ह्या पुस्तकात कायचाही भेटते, हिरालाल. एक ओळ काढून कोणाचंही घर पाडता येते. मागचं पुढचं वाचाले कंबर लागते. तू पयले कोरडा बोलत होता, पण वाचून बोलत होता. जा. काई शोधू नको. नुसता वाच."

हिरालालचे कान तापले. पन्नास वर्षांच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं अंगणात उभं केलं होतं, आणि शेजारच्या ओसरीवरून दोघं जण पाहत होते. तो पुस्तक काखेत मारून घरी आला.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्यानं सकाळी उजाडताना वाचलं आणि मग पंप उचलला. योहानाचं शुभवर्तमान पहिल्यापासून घेतलं. बेत काही नव्हता. तुरीत चालताना वाचलेलं डोक्यात फिरायचं, दांड्याच्या तालावर. शुक्रवारी संध्याकाळी रामबाई पाण्याहून आली आणि घागर उतरवता उतरवता म्हणाली, "रक्षा पिशवी भरून राह्यली. दोन लुगडी अन् एक चादर. म्या इचारलं तर म्हणे, माय म्हणन तसं."

शनिवारी पहाटेचं धुकं नाल्यावर पसरलेलं होतं. हिरालाल ओसरीवर पाय दुमडून बसला होता, अंगावर घोंगडी. योहानाचं शुभवर्तमान, नववा अध्याय. ही गोष्ट त्याला पाठ होती, म्हणजे पाठ आहे असं त्याला वाटत होतं. जन्मापासूनचा आंधळा माणूस. येशूनं थुंकीनं चिखल केला, डोळ्यांना लावला, धुवायला पाठवलं, दिसायला लागलं. इतकंच तो आजवर सांगत आला होता. आता त्यानं सुरुवातीपासून एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. शिष्य रस्त्यात त्या आंधळ्याला पाहतात आणि गुरुजीला विचारतात, पाप कोणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापानं?

बोट तिथंच थांबलं. बोरटेकच्या बाया धुऱ्यावर उभ्या राहून हेच विचारत होत्या. आणि हिरालालनं उत्तर देऊन टाकलं होतं.

येशूचं उत्तर पुढच्या ओळीत होतं. ह्यानंही नाही, ह्याच्या आईबापानंही नाही.

त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. आतून रामबाई दारात येऊन उभी राहिली.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यानं वाचली. रामबाईनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "हे साऱ्यायसमोर वाचसान ना? का तिलेच घरी जाऊन सांगसान?"

हिरालालच्या मनात तेच आलं होतं. सुलोचनाबाईच्या घरी जावं, हळूच पान दाखवावं, प्रकरण मिटवावं. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

"साऱ्यायसमोर," तो म्हणाला.

रविवारी खोली भरलेली होती. सुलोचनाबाई मागच्या सतरंजीवर एकटी होती. रक्षा आली नव्हती. हिरालाल मेजामागं उभा राहिला आणि त्यानं पुस्तक उघडून अध्यायाच्या सातव्या ओवीपर्यंत वाचलं, आंधळ्याचे डोळे उघडेपर्यंत. वाचताना आवाज चढवला नाही. दोनदा अडखळला. मग त्यानं पुस्तक उघडंच ठेवलं आणि तळहात मेजावर टेकवले. बोटांच्या नखांत औषधाचा पिवळा रंग होता.

"मागच्या रईवारी म्या म्हणलं, पाप असन त्याच्या वावरात अळी येते. म्या म्हणलं, देवानं दाखवलं. म्या चार दिस पुस्तक वाचलं. असं लिवलेलं मले कुठीच भेटलं नाई. देवानं मले काई दाखवलं नवतं. माह्या तोंडातून निघालं, अन् त्याले म्या देवाचं नाव लावलं."

त्यानं नजर मागच्या सतरंजीकडं वळवली.

"सुलोचनामावशीच्या पऱ्हाटीले अळी काऊन आली, ते मले सावनातच माईत होतं. मे मइन्यात लावली होती, म्हणून आली. तिनं पाप केलं नाई, रक्षानं केलं नाई. ह्या मेजामागं उभं राहून लबाड बोललो तो मी. मावशी, मले माफ करजो. रक्षालेही सांगजो."

 मग सुलोचनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. सतरंज्यांवरच्या लोकांमधून वाट काढत मेजापाशी आली. आपलं पुस्तक तिनं फडक्यातून सोडलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"पान दाखव."

हिरालालनं शोधून दिलं. तिनं जुन्या लुगड्याची फाडून आणलेली चिंधी त्या पानात घातली, पुस्तक मिटलं, आणि परत जागेवर जाऊन बसली. 

उपासना सुटल्यावर चपला घालताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आज काई मजा नाई आली. लय कोरडं झालं." हिरालालला ते ऐकू गेलं. त्यानं मेज पुसलं, सतरंज्या झटकून घडी केल्या आणि खोलीला कडी घातली. दुपारची गाडी गावाच्या फाट्यावर थांबून गेली तेव्हा तो अंगणात उभा होता. गाडीत कोणी चढलं की नाही ते तिथून दिसत नव्हतं. तो फाट्यापर्यंत चालत गेला. तिथं भाजीच्या दोन टोपल्या घेऊन बसलेला एक जण होता.

"नाचणगावकडं कोणी गेलं का बोरटेकचं?"

"नाई बा. कोणीच नाई."

सोमवारी रामबाईनं टोळीला सुलोचनाबाईचं वावर सांगितलं. अकरांपैकी सात बाया आल्या, आचल धरून. आणि आठवा हिरालाल. बाप्या माणूस कमरेला ओटी बांधून वेचणीला आलेला पाहून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्याला वेचायची सवय नव्हती. बायांची पात संपायची तेव्हा तो अर्ध्यात असायचा. बोंडाच्या टोकांनी अंगठे सोलले, कंबर धरली. फोडलेल्या बोंडांतून गुलाबी अळ्या वळवळत बाहेर यायच्या, त्या तो मातीत चिरडायचा आणि पुढचं बोंड धरायचा. रक्षा त्याच्या शेजारच्या पातीला होती. ती एक शब्द बोलली नाही.  एकदा मात्र त्याच्या ओटीतली अर्धी कवडी खाली सांडली, तेव्हा तिनं वाकून गोळा केली आणि परत त्याच्या ओटीत टाकली.

दुपारी सगळे धुऱ्यावरच्या कडूनिंबाखाली भाकरी सोडून बसले. ठेचा, कांदा, तुरीची घट्ट डाळ. सुलोचनाबाई हिरालालच्या समोर बसली होती.

"त्या आंधळ्याचं मंग काय झालं?" तिनं विचारलं.

"कोणत्या?"

"कालच्या. त्याले दिसाले लागलं, तठीच तू थांबला. पान तर लय भरलेलं दिसून राह्यलं होतं."

हिरालालनं पाण्यानं हात धुतले. "पुढं मोठं हाय मावशी. पण पुस्तक घरी राह्यलं."

रक्षा उठली. झाडाला टांगलेल्या शिदोरीच्या पिशवीतून तिनं फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि हिरालालपुढं धरलं. त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला.

"तू वाच," तो म्हणाला.

रक्षानं चिंधी घातलेलं पान उघडलं. मग आईशेजारी बसून तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण अक्षर सुटत नव्हतं. शेजाऱ्यांनी त्या माणसाला ओढत मोठ्या लोकांपुढं नेलं. त्याचे आईबाप घाबरले. त्यालाच विचारा, तो मोठा आहे, म्हणून मोकळे झाले. मोठ्या लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, मला एवढंच कळतं, आधी दिसत नव्हतं, आता दिसतं. तेव्हा ते चिडले. तू जन्मापासून पापात बुडालेला, तू आम्हाला शिकवतोस? आणि त्यांनी त्याला बाहेर घालवलं.

रक्षा थांबली. बायांचे हात भाकरीवर थांबले होते. आचल मातीकडं पाहत होती.

"पुढं," सुलोचनाबाई म्हणाली.

रक्षानं ओळीवर बोट ठेवलं. त्या लोकांनी त्याला बाहेर घालवलं हे येशूच्या कानावर आलं, आणि त्यानं त्याला गाठलं.

"गाठलं म्हंजे? वाटेत असाच भेटला?" सुलोचनाबाईनं विचारलं.

रक्षानं ओळ पुन्हा वाचली. ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं मान वर केली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हिरालालला विचारलं, "ऐकलं, मंग गाठलं. म्हंजे शोधत गेला ना, दादा?"

"तसंच लिवलं हाय," हिरालाल म्हणाला.

त्याच्या मनात चार चांगली वाक्यं तयार झाली होती. ऐकून बायांनी पदर डोळ्यांना लावला असता. तो ती बोलला नाही. त्यानं कांद्याची फोड तोंडात टाकली आणि रक्षाकडं पाहिलं. सुलोचनाबाईनं भाकरीचा तुकडा मोडून लेकीच्या हातावर ठेवला. रक्षानं तो बाजूला फडक्यावर ठेवला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.